फ्रिजवरचा कागद

हार्लो गावातला माणूस तुम्हाला आपल्या मूळव्याधीची हकिकत साग्रसंगीत सांगेल, मेव्हण्याचं व्यसन सांगेल, चर्चमध्ये कोण कुणाशी बोलत नाही तेही सांगेल. हरणं कुठे असतात हे मात्र मरेपर्यंत सांगणार नाही. आणि हॅच मंडळी तर या बाबतीत अख्ख्या गावाच्या दोन पावलं पुढे.

डोंगरात शिकारीला निघताना घरच्या फ्रिजवर कागद लावून जायचा, कुठे चाललोय आणि कधी परतणार, हा तिकडचा सगळ्यांचाच रिवाज. हॅचांच्या घरीही कागद लागायचा. फक्त त्यावरची जागा खोटी असायची. ज्या घळीत जायचं तिच्या शेजारच्या घळीचं नाव लिहायचं. ही रीत म्हाताऱ्या हॅचने पाडली. तो म्हणायचा, "बायकोला कळलं की चर्चला कळलं, आणि चर्चला कळलं की पॅक्स्टनांना कळलं." पॅक्स्टन म्हणजे खालच्या आळीतले चौघे भाऊ. दुसऱ्याने हेरलेल्या हरणावर टपून बसणं हाच त्यांचा धंदा, असं हॅचांचं मत. पॅक्स्टनांचं हॅचांविषयी नेमकं हेच मत होतं.

खरी जागा घरात एकालाच ठाऊक असायची. म्हाताऱ्याची त्याच्या थोरल्याला, रुलनला. रुलनची त्याच्या धाकट्या भावाला, लमारला.

रुलनला जाऊन अकरा वर्षं झाली होती. आणि या वर्षी, एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या ऑगस्टात, त्याची मुलगी कोरीन एक जुनं धनुष्य आणि एक मोठी यादी घेऊन लमारच्या अंगणात येऊन उभी राहिली.

लमार तेव्हा बावन्न वर्षांचा. लग्न केलं नव्हतं. गावाच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये करवतींना धार लावून द्यायचा, अंगभर लोखंडाची पूड घेऊन वावरायचा. त्याने कानावरचा आवाजरोधक काढला आणि विचारलं, "काय गं? हे कुणाचं उचलून आणलंस?"

"माझंच आहे. विकत घेतलंय," कोरीन म्हणाली. "काका, मी जाणार आहे. या हंगामात. पाच दिवस, एकटी."

"कुठे?"

"कुठे काय? हरणाला. डोंगरात."

लमारने धनुष्य हातात घेतलं. टोकांच्या फिरत्या कप्प्यांवर गंज होता, दोरी झिजली होती. त्याने दोरीवरून अंगठा फिरवला आणि नेहमीप्रमाणे ओरडायला तोंड उघडलं, पण शब्द काही सुचेनात. पोरगी सव्वीस वर्षांची झाली होती. बटाट्याच्या गोदामात पट्ट्यासमोर उभी राहून दिवसभर सडके बटाटे निवडायची, हात तिच्या बापासारखेच रुंद झाले होते. रुलनने तिला कबूल केलं होतं, पंधरा वर्षांची झालीस की तुला नेईन. ती पंधराची झाली त्याच सप्टेंबरात तो गेला.

"आई काय म्हणाली?" लमारने विचारलं.

"आई म्हणाली, या डोंगराने एकाला गिळलंय तेवढं पुरे. मग भांडी आपटली. मग म्हणाली, जायचंच असेल तर लमारकाकाकडून शिकून जा. तो बरोबर असता तर तुझा बाप मेला नसता." कोरीनने यादी पुढे केली. "बघ ना, काय राहिलंय."

लमारने यादी बघितली आणि त्याला बरं वाटलं, कारण यादी इतकी भयंकर होती की तिच्यावर आरामात तुटून पडता येत होतं. "राजम्याचे डबे? आठ? तू डोंगर चढणारेस की भुसार दुकान टाकणारेस? आणि या दोन उशा कशाला?"

"एकच लिहिलीये."

"एकसुद्धा कशाला? तुझ्या आजोबांनी दगडावर डोकं ठेवून चाळीस वर्षं काढली."

"म्हणूनच ते तसे होते," कोरीन म्हणाली, आणि काका-पुतणी दोघंही हसली. अकरा वर्षांत लमार त्या अंगणात फारसा हसला नव्हता.

तिने आल्या आल्या शेडच्या भिंतीकडे पाहिलं होतं, ते त्याला कळलं होतं. तिथे त्याचं स्वतःचं धनुष्य खिळ्याला टांगलेलं होतं, धुळीने माखलेलं. रुलन गेल्यापासून त्याने ते खाली काढलं नव्हतं. भाऊ गेल्याच्या दुःखात लमारने शिकार सोडली, असं गाव म्हणायचं. गावाचं बोलणं खोटं नव्हतं, फक्त त्यातली महत्त्वाची गोष्ट गावाला माहीत नव्हती.

ती गोष्ट अशी. त्या सप्टेंबरात रुलन बुधवारी डोंगरात गेला आणि शनिवारी संध्याकाळी परतणार होता. फ्रिजवरच्या कागदावर लिहिलं होतं, क्रेन ओढा. गेला होता तो स्टोव्ह घळीत. कुणा जुन्या वसाहतवाल्याने टाकून दिलेली लोखंडी चूल तिथे गंजत पडली होती, म्हणून ते नाव. तीन उन्हाळे दोघा भावांनी त्या घळीत एक नर हेरून ठेवला होता. दोन हात पसरावेत इतकी रुंद शिंगं, डाव्या शिंगाला खाली वळलेलं एक जादा टोक. त्याच्याविषयी त्यांनी घराबाहेर अवाक्षर काढलं नव्हतं.

शनिवारी रुलन आला नाही. रविवारी सकाळी शेरीफ रुलनच्या बायकोच्या, व्हर्डाच्या, स्वयंपाकघरात नकाशा पसरून बसला. भोवती वीस माणसं उभी, त्यात चारही पॅक्स्टन. व्हर्डाने कागद आणून दिला. शेरीफने लमारकडे बघून विचारलं, "क्रेन ओढा. बरोबर ना, लमार?"

लमारने त्या चार पॅक्स्टनांकडे पाहिलं. त्याला वाटलं, रुलनने तो नर पाडला असणार आणि आता एकटाच मांस वाहून आणत असणार, म्हणून उशीर. ही वीस माणसं आणि त्यांचे घोडे स्टोव्ह घळीत घुसले तर घळ कायमची गेली. आणि रुलनने पाडला नसेल, तर नरही गेला. एक दिवस थांबू. उद्या येईलच तो, आणि आल्यावर पहिली शिवी आपल्यालाच घालेल, तोंड का उघडलंस म्हणून.

"बरोबर," लमार म्हणाला होता.

सोमवारी दुपारी त्याचा धीर सुटला. "एकदा स्टोव्ह घळही बघून घेऊ या का," असं तो सहज सुचल्यासारखं म्हणाला, आणि सगळ्यांच्या पुढे पळत सुटला. कड्याखाली रुलन त्यालाच सापडला. मांडीचं हाड मोडलेलं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, सोमवारी पहाटे कधीतरी जीव गेला असावा.

लमारनेच शोधलं, असं गाव म्हणालं. व्हर्डा त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. तेव्हापासून दर रविवारी तिच्याकडून बटाटे-चीजचं भाजलेलं ताट यायचं, वर चिकटपट्टीवर तिच्या डावीकडे झुकलेल्या अक्षरात लिहिलेलं असायचं: अर्धा तास गरम कर, करपवू नकोस. अकरा वर्षं दर रविवारी लमारने ते ताट खाल्लं होतं.

आता त्याने ठरवलं, की पोरीला असं शिकवायचं की तिच्या केसालाही धक्का लागणार नाही. आपल्या हातून तेवढं झालं तरी पुष्कळ झालं.

मंगळवारी आणि गुरुवारी गोदामातून सुटली की ती यायची. लमारने धनुष्याची दोरी बदलली, तिच्या हाताच्या लांबीला ते बसवून दिलं, पेंढ्यांच्या भाऱ्यांवर कागदी हरीण लावलं. पहिल्या आठवड्यात तिने भाऱ्यांपेक्षा शेडच्या पत्र्यावरच जास्त बाण मारले.

"पत्रा मेला," लमार म्हणायचा. "आता त्याला सोलून घे."

"काका, तू बोलत राहतोस म्हणून हात हलतो."

"हरीण काय मौनव्रत घेऊन बसणारेय?"

पण पोरगी चिवट होती. तिसऱ्या आठवड्यात तीस पावलांवरून पाचही बाण ताटलीएवढ्या जागेत बसू लागले. तेव्हा लमारने तिला भाऱ्यांपासून दूर नेलं आणि खरं शिक्षण सुरू केलं. सकाळी हवा उतारावरून खाली वाहते, ऊन चढलं की वर, म्हणून सकाळी खालून आणि दुपारी वरून जायचं. पावडरची छोटी बाटली गळ्यात ठेवायची आणि दर दहा पावलांनी चिमूटभर उडवून वारा बघायचा. हरीण सावलीत बसलं की बूट काढायचे आणि नुसत्या मोज्यांवर जायचं, शंभर पावलांना दोन तास लागले तरी चालतील.

"मोज्यांवर? तिथे निवडुंग असतो!"

"असतोच. तुझ्या बापाच्या तळव्यातून मी चिमट्याने काटे काढलेत. ओरडायचा नाही, पण माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. त्या त्याच्याही पिढ्या होत्या हे विसरून."

कोरीनला बापाच्या अशा गोष्टी हव्या असायच्या. ती भाऱ्यावर बसून सरबताचा पेला धरायची आणि विचारत राहायची. लमार सांगायचा. बोलताना मध्येच त्याला वाटायचं, रुलन तिकडे शेडच्या आडोशाला उभा राहून ऐकतोय आणि गालात हसतोय. मग त्याला पुढे बोलवत नसे आणि तो उगाच करवत घेऊन धार लावायला बसे.

एका गुरुवारी तिने विचारलं, "बाण लागल्यावर काय करायचं?"

"बसायचं."

"बसायचं म्हणजे?"

"घड्याळ बघायचं आणि अर्धा तास जागचं हलायचं नाही. काळजात लागला असेल तर हरीण शंभर पावलांत पडतं. पोटात लागला असेल, तर सहा-आठ तास थांबायचं. घाई केलीस तर ते उठतं, रक्त न सांडता मैलभर जातं आणि कुठल्यातरी घळीत..." लमार थांबला. "कुठेतरी एकटं मरतं. दिवस लागतो त्याला. म्हणून जिथे खात्री नाही तिथे बाण सोडायचाच नाही. कळलं?"

"कळलं. तुझा आवाज असा का झाला?"

"पूड गेली घशात."

यादी आता नीट झाली होती. राजम्याच्या आठ डब्यांच्या जागी सुकवलेलं मांस, ओट, सुके जर्दाळू. मांस भरायच्या सुती पिशव्या, मीठ, दोन चाकू, पाणी गाळायचं यंत्र, शिटी, आरसा. लमारने तिच्या बाणांची पाती स्वतः धार लावून दिली. हातावरचे केस सहज निघतील इतकी. त्यासाठी त्याने दोन दिवस गावातल्या करवती बाजूला ठेवल्या. जागेचं मात्र ती काही बोलत नव्हती, आणि तोही विचारत नव्हता. स्टोव्ह घळ आता कुणाचीच राहिली नव्हती. रुलन सापडल्याच्या पुढच्याच हंगामात पॅक्स्टनांनी तिथे तळ टाकला. धाकट्या पॅक्स्टनने तो नर पाडला, आणि त्याचं मुंडकं आता आयव्हाच्या किराणा दुकानात भिंतीवर होतं, डाव्या शिंगाचं खाली वळलेलं टोक दाखवत. लमार पाव घ्यायला जायचा तेव्हा मान खाली घालून जायचा.

हंगाम शनिवारी उघडणार होता. गुरुवारी संध्याकाळी कोरीन शेवटची आली. पिशवी भरून गाडीत ठेवली होती. अंगात बापाचा जुना लोकरी शर्ट, बाह्या दुमडलेल्या. तिने खिशातून घडी घातलेला एक कागद काढला आणि मोठ्या ऐटीत भाऱ्यावर ठेवला.

"वाच."

लमारने चष्मा चढवला. विलो पठार, असं लिहिलं होतं. शुक्रवारी निघणार, बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत परत.

"विलो पठारावर काय आहे?" तो म्हणाला. "तिथे मेंढ्या चरतात. हरणाचं शेपूटही दिसायचं नाही."

कोरीन हसायला लागली. हसताना तिचा चेहरा लहान पोरीसारखा झाला. "दिसणार नाहीच! मी जाणारेय टकर खोऱ्यात. जुलैत तीन रविवार चर्च बुडवून दुर्बीण लावून बसले होते तिथे. पाच नर आहेत, काका, पाच! आणि त्या धाकट्या पॅक्स्टनला वास लागलाय. परवा दुकानात मला विचारतो, कुठे गं जाणार? म्हटलं, कागद लावीन फ्रिजवर, ये आणि वाच." तिने कागदावर टिचकी मारली. "आहे की नाही मी हॅच?"

लमारला आपल्या कानांत करवतीचं चाक फिरत असल्यासारखं वाटलं, आणि चाक तर बंद होतं.

"आईला खरं सांगितलं नाहीये," कोरीन सांगत होती. "ती गावभर करेल. फक्त तुला ठाऊक. बुधवारी सहापर्यंत आले नाही, तर ते सगळे जाऊ देत पठारावर मेंढ्या मोजायला. तू सरळ टकर खोऱ्यात ये. बाबांना शोधलंस ना, तसंच."

"खरं लिही," लमार म्हणाला.

"काय?"

"कागदावर खरी जागा लिही. टकर खोरं. कुठून चढणार, तंबू कुठे, सगळं."

"वेड लागलंय का? कुठल्या हॅचने आजवर खरं लिहिलंय?"

"म्हणूनच सांगतोय, लिही."

"आणि शनिवारी सकाळी चार पॅक्स्टन माझ्या तंबूबाहेर ओट खात बसलेले असतील! नाही रे बाबा. तू आहेस ना. तू असताना मला कसली भीती?"

ती हे इतक्या सहज म्हणाली की लमारला क्षणभर वाटलं, जाऊ दे. बुधवारी सहाला आपण टकर खोऱ्याच्या तोंडाशी जाऊन बसू. पाचलाच बसू. सकाळपासूनच बसू. या खेपेला पळत जाऊ, पहिल्यांदा आपणच ओरडू. काय बिघडणार आहे? पोरगी ठणठणीत परत येईल, आपण जन्मभर तिचे लमारकाका राहू, दर रविवारी ताट येत राहील. पण खोटा कागद तिथे भाऱ्यावर पडला होता, आणि त्याच्या भरवशावर रुलनची पोर डोंगरात निघाली होती. त्याला स्वतःचीच भयंकर किळस आली.

तो उठून शेडमध्ये गेला. पात्यांच्या लोखंडी डब्याच्या तळाशी, तेलकट फडक्याखाली एक चिठ्ठी होती. शिकारीच्या परवान्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली. रुलनच्या शर्टाच्या खिशातून त्याने ती काढली होती, बाकीचे लोक कडा उतरून येण्याआधी. त्याने ती कोरीनच्या हातात दिली आणि समोर उभा राहिला. बसायचं त्याचं धाडस झालं नाही.

"बाबांचं अक्षर," ती म्हणाली. मग तिने वाचलं.

शनिवार दुपार. पाय मोडला. पाण्याची बाटली जवळ आहे.

रविवार. लमार दुपारपर्यंत येईल. त्याला जागा माहीत आहे. व्हर्डाला सांगायचं, घाबरू नको.

रविवार संध्याकाळ. क्रेनच्या बाजूला माणसांच्या हाका येतायत. माझी शिटी त्यांना ऐकू जात नाही. लमार अजून त्यांना भेटला नसेल. कुठेतरी अडकला असेल बिचारा. पोरीला

तिथे पेन्सिल घसरली होती. पुढे काही नव्हतं.

कोरीनने चिठ्ठी दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना तिचे ओठ हलत होते. शेजारच्या शेतात पाणी मारायचं यंत्र फटफटत होतं.

"तू कुठे अडकला होतास?" तिने विचारलं.

"कुठेच नाही."

"म्हणजे?"

"मी त्या हाका मारणाऱ्यांतच होतो. क्रेन ओढ्यावर." लमारने सगळं सांगितलं. शेरीफ, नकाशा, चार पॅक्स्टन, तो नर. त्याने स्वतःची बाजू घेतली नाही. घ्यायला काही होतं असं त्याला वाटलंच नाही. "मी म्हटलं, बरोबर. क्रेन ओढाच. सोमवारी दुपारी तोंड उघडलं."

"रविवारी सकाळी तुला माहीत होतं."

"हो."

"आणि बाबा तेव्हा जिवंत होते."

"हो."

"हरणासाठी?"

"हो."

"ते आयव्हाच्या दुकानात आहे ते?"

लमारने मान हलवली. कोरीनने तोंडावर हात दाबला. त्याला वाटलं, आता ती ओरडेल, काहीतरी फेकून मारेल, मारायला हवंच. पण ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "तुला बिचारा म्हटलंय त्यांनी. मरताना."

"हो गं."

"अकरा वर्षं तू आईच्या हातचं खाल्लंस."

त्याला रडू फुटलं, पण तिच्यासमोर रडायचाही आपल्याला हक्क नाही असं वाटून तो शेडच्या दाराकडे तोंड करून उभा राहिला. मागे कोरीन उठल्याचा आवाज आला. तिने बाण एकेक करून भात्यात घातले, मोजून, सावकाश, त्याने शिकवलं होतं तसे, पाती आतल्या बाजूला. विलो पठाराचा कागद तिने उचलला, दोन तुकडे केले आणि खिशात टाकले. बापाची चिठ्ठी शर्टाच्या वरच्या खिशात ठेवून बटण लावलं.

"कोरीन," लमार म्हणाला, "जाऊ नकोस या वर्षी."

"जाणार आहे," ती म्हणाली. "बाबांनी कबूल केलं होतं."

सरबताचा पेला अर्धा तसाच भाऱ्यावर राहिला. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी लमार दारातच उभा होता.

शुक्रवारी त्याने एकही करवत हातात घेतली नाही. शनिवारी सकाळी हंगाम उघडला. गावात पुरुष माणूस दिसत नव्हता, सगळे डोंगरात. लमार पाव आणायला आयव्हाच्या दुकानात गेला. घरात पाव होता. पण कुठेतरी, कुणाकडून तरी, पोरगी गेली की नाही एवढं तरी कानावर यावं म्हणून गेला.

आयव्हा सत्तरीची, जाड भिंगांची, सगळ्या गावाच्या खबरी बाळगून असलेली. तिने त्याला पाहिलं आणि नेहमीसारखं "काय रे लमार" म्हणाली नाही. गल्ल्यामागे उभी राहून चष्मा पुसत राहिली.

गल्ल्याशेजारी गावाच्या सूचनांची पाटी होती. हरवलेली कुत्री, विकायचे ट्रॅक्टर, चर्चचं जेवण. वर भिंतीवर त्या नराचं मुंडकं. आणि पाटीच्या बरोबर मध्ये चार टाचण्या लावलेला एक मोठा पांढरा कागद, जाड काळ्या पेनाने लिहिलेला, दारातून येणाऱ्या कुणालाही वाचता येईल असा. हॅचांच्या तीन पिढ्यांत कुणी असा कागद लिहिला नव्हता.

कोरीन हॅच. टकर खोरं. दक्षिणेकडच्या वाटेने चढणार. तंबू दुसऱ्या झऱ्यापाशी, पडलेल्या मोठ्या पाइनच्या खाली. पाच नर आहेत, ज्याला यायचं त्याने यावं. बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत परत. आले नाही तर लगेच फोन करा. खाली तीन नंबर होते. आईचा, शेरीफचा, आणि तिसरा धाकट्या पॅक्स्टनच्या घरचा.

त्याच्याही खाली एक ओळ होती. ती काळ्या पेनाने नव्हती, साध्या निळ्या शाईची होती, आणि अक्षर कोरीनचं नव्हतं. डावीकडे झुकलेलं ते अक्षर लमारने अकरा वर्षं दर रविवारी वाचलं होतं.

लमारला विचारू नका.

तो वाचत उभा राहिला. मागे आयव्हाने घसा साफ केला.

"काल सकाळी पोरगी निघताना दोघी आल्या होत्या," ती म्हणाली. "पोरीने कागद लावला. मग व्हर्डाने माझ्याकडे पेन मागितलं. मी म्हटलं, अगं, हे काय लिहितेस? तर पेन परत दिलं आणि गेली." तिने खणातून कात्री काढली. "काहीतरी गैरसमज झाला असेल, लमार. घरचं भांडण असं चव्हाट्यावर कशाला? सगळं गाव वाचणार. तू म्हणत असशील तर तेवढी ओळ मी कापून टाकते. कात्री आहे इथे."

लमारने डोकं वर केलं तेव्हा समोर शिंगंच आली. त्याने ती पहिल्यांदाच नीट पाहिली. खाली वळलेलं टोक त्याला आठवत होतं त्यापेक्षा बरंच लहान होतं.

"नको," तो म्हणाला. "राहू दे. बरोबर लिहिलंय तिने."

आयव्हाने कात्री खाली ठेवली आणि त्याचा पाव पिशवीत घातला.